पाच झाडांत न मावणारे वाण : जमैकातील जुन्या गांजाचे बीज जपण्याचे एक प्रकरण

जमैकाच्या दक्षिणेकडील सेंट एलिझाबेथ पॅरिशमधील (पॅरिश म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) परवानाधारक शेतकऱ्यांच्या एका लहान सहकारी गटाचे हे प्रकरण आहे. व्यक्ती, गाव आणि गट ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत. एकापेक्षा अधिक शेतांवरची कामाची पद्धत व नोंदी एकाच प्रकरणात बसवल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचे एकही झाड लावणे गुन्हा आहे. पुढची सगळी कृती जमैकातील परवान्याखालची आहे.

पार्श्वभूमी

गांजा जमैकात गेला तो हिंदुस्थानातून करारावर गेलेल्या मजुरांबरोबर. १० मे १८४५ रोजी पहिले जहाज ओल्ड हार्बर बे येथे लागले आणि १९१७ पर्यंत ही ने-आण चालू राहिली. मजूर मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते, त्यामुळे यात महाराष्ट्राचा वाटा शोधू नये. मात्र एक साम्य शेतीच्या दृष्टीने मोलाचे आहे. जमैका साधारण १७.७ ते १८.५ उत्तर अक्षांशावर पसरलेला आहे, म्हणजे आपल्या सोलापूर ते पुणे पट्ट्याच्या सरळ रेषेत. सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. तिथले जुने वाण या दोन तासांच्या फरकावर जगायला शिकलेले आहे. बारीक लांब पाने, उंच सडसडीत बांधा आणि फुलोरा सुरू झाल्यापासून पक्व व्हायला १२ ते १६ आठवडे, अशी त्याची ठेवण.

हाच संथपणा त्याच्या मुळावर आला. गांजावर बंदी १९१३ मध्येच आली होती, पण १९७४ च्या ‘ऑपरेशन बुकॅनिअर’नंतर शेते शोधून जाळण्याच्या मोहिमा वाढल्या आणि तीन-चार मीटर उंच, हेलिकॉप्टरमधून दिसणारे, चार महिने फुलोऱ्यात उभे राहणारे झाड परवडेना. बुटके, आठ-नऊ आठवड्यांत तयार होणारे संकरित बियाणे बाहेरून आले. २०१५ मध्ये कायदा सैल झाला. दोन औंसांपर्यंत बाळगणे हा किरकोळ दंडाचा विषय झाला, घरटी पाच झाडांची मुभा मिळाली आणि लागवडीचे परवाने देणारे प्राधिकरण स्थापन झाले. जुन्या वाणाला मात्र त्याचा फायदा झाला नाही, कारण परवाना घेतलेल्या कंपन्यांनीही परदेशी, फक्त मादीझाडे देणारे बियाणेच आणले. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना परिसरातील मॅशेल इमॅन्युएल यांच्यासारख्या उद्यानविद्या अभ्यासकांनी जुनी वाणे पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा बेटावर शुद्ध झाड सापडणे ही नवलाची गोष्ट झालेली होती.

अडचण नेमकी कुठे होती

गटातील एका ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्यांकडे रमच्या काचेच्या बाटलीत बी होते, अंदाजे १,१०० दाणे. ते दर दोन-तीन वर्षांनी चार-पाच झाडे लावून त्याचे बी त्याच बाटलीत ओतत. त्यांनी वाणाला नाव दिलेले नव्हते. गटातल्या तरुणांनी लगेच ‘लॅम्ब्स ब्रेड’ म्हणायला सुरुवात केली. या प्रसिद्ध नावाखाली बेटावर इतक्या वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, की नाव हा पुरावा धरता येत नाही. नोंदवहीत वाणाला फक्त क्रमांक देण्यात आला, आणि ते योग्यच झाले.

खरी अडचण ‘पाच झाडे’ या आकड्यात होती. गांजा हे पपईसारखे नर-मादी वेगळ्या झाडांचे पीक आहे आणि परागण वाऱ्याने होते. भात किंवा वाल स्वतःचे परागण स्वतःच करतात, म्हणून त्यांचे वाण मूठभर दाण्यांतूनही बऱ्यापैकी टिकते. गांजात तसे होत नाही. इथे वाण म्हणजे एखादे झाड नसून परस्परांत मिसळणारा समूह असतो. समूहाची प्रभावी संख्या, म्हणजे पुढच्या पिढीला खऱ्या अर्थाने वारसा देणाऱ्या झाडांचा हिशोबी आकडा, नर आणि मादी यांच्या संख्येचा गुणाकार चारपट करून त्यांच्या बेरजेने भागली की मिळते. दोन नर, तीन मादी असतील तर ४ × २ × ३ ÷ ५ = ४.८. दर पिढीला आंतरप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातले मिलन, वाढण्याचा वेग म्हणजे एक भागिले या संख्येची दुप्पट, म्हणजे इथे दहा टक्क्यांहून जास्त. अशा चार-पाच पिढ्या गेल्या की उरते ते वाणाचे एक कोपऱ्यातले रूप. घरगुती मुभेत राहून कोणीही हे वाण कायदेशीरपणे जपू शकत नाही. त्यासाठी परवान्याची जमीनच लागते, हे गटाच्या उशिरा लक्षात आले.

दुसरी शंका भेसळीची होती. शेजारी दोन-तीन दशके संकरित लागवड होती आणि गांजाचे पराग फार लांब जातात. मोरोक्कोतील पराग समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनच्या हवेत सापडल्याची नोंद आहे. त्यामुळे बाटलीत जुने आणि बाटलेले, दोन्ही असणार हे गृहीत धरणे भाग होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता : उत्तम झाड निवडायचे, मातृझाड म्हणून ठेवायचे आणि त्याच्या फांद्या लावत राहायचे. हे सोपे असते, पण त्यातून एकच जनुकीय रचना टिकते. शिवाय कलमांतून हॉप लेटंट व्हायरॉइडसारखे रोग पिढ्यान्‌पिढ्या सोबत येतात आणि मातृझाड फुलोऱ्यात जाऊ नये म्हणून वर्षभर दिवे लावावे लागतात. वीज जाणाऱ्या डोंगराळ भागात ही एका तारेवर टांगलेली व्यवस्था ठरली असती.

दुसरा पर्याय, रसायन फवारून मादीझाडावर नरफुले आणायची आणि त्याच झाडाचे बी धरायचे. बी भरपूर मिळते, पण प्रत्येक स्वपरागणाला झाडातील विविधता निम्म्याने घटते आणि नर कायमचे नाहीसे होतात. हा प्रस्ताव बियाणे विकणाऱ्या एका सल्लागाराकडून आला होता. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता, जतनाच्या दृष्टीने मात्र नाही.

तिसरा, सगळे बी विद्यापीठाकडे सोपवून मोकळे व्हायचे. दुसरी प्रत म्हणून हे हवेच होते. मात्र २२ टक्के उगवणीचे अकराशे दाणे देणे म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या दारात ठेवणे झाले असते.

चौथा, जलद संकरित वाणाशी संकर करून ‘सुधारायचे’. खरेदीदाराला हेच हवे होते. गटाने ते नाकारले नाही, पुढे ढकलले : आधी मूळ बी सुरक्षित करायचे, संकर नंतर कधीही करता येईल. ठरले ते असे : सगळी नर-मादी झाडे ठेवून, बंदिस्त जागेत, एका पिढीत भरपूर बी तयार करायचे आणि ते थंड-कोरड्या साठवणीत ठेवायचे. म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षे पुन्हा पेरावेच लागणार नाही. प्रत्येक पेरणीत काहीतरी गळते, म्हणून कमी वेळा पेरणे हेच जतनाचे निम्मे काम असते.

पहिली पेरणी आणि वादळ

आधी ५० दाण्यांची उगवण चाचणी झाली. ओल्या कागदात, २५ ते २८ अंश तापमानाला, १४ दिवस. ११ उगवले, म्हणजे २२ टक्के. जुन्या बियांच्या कवचातून पाणी सहज आत शिरत नाही, म्हणून पेरणीआधी काडेपेटीच्या आत बारीक सँडपेपर लावून दाणे अर्धा मिनिट हलवले आणि मग १२ तास पाण्यात ठेवले. त्याहून जास्त भिजवले की जुने बी आतून सडते.

किती पेरायचे, यावर वाद झाला. तरुणांचे म्हणणे, सगळे पेरा, दर दिवशी उगवण घटतेच आहे. अखेर ५०० पेरले आणि ५५० कोरडे करून शीतकपाटात ठेवले. या एका निर्णयाने पुढे सगळे वाचवले.

मे २०२४ मध्ये पेरणी झाली. चाचणीतली रोपे धरून १०८ उगवली. ट्रे सतत ओले राहिल्याने रोपमर रोगाने १७ गेली, ९१ शेतात लागली. सेंट एलिझाबेथची लाल बॉक्साइटी माती झपाट्याने सुकते, म्हणून तिथल्या रीतीप्रमाणे वाळलेल्या गिनी गवताचे जाड आच्छादन घातले. ३ जुलै रोजी ‘बेरिल’ चक्रीवादळ दक्षिण किनारपट्टीला लागून गेले. शेडनेट उडाले, रोपे मुळासकट आडवी झाली, ३१ जगली आणि वीज अनेक आठवडे गेली.

इथे गटापुढे दोन वाटा होत्या : ३१ झाडांवरच बी धरायचे, किंवा ती सोडून राखीव बियांतून नव्याने सुरुवात करायची. त्यांनी दोन्ही जोडले. ऑगस्टच्या मध्यावर ३१ झाडांपैकी प्रत्येकाचे एकच कलम घेतले आणि २९ मुळावली. विजेशिवाय हे जमले, कारण ऑगस्टअखेर दिवस साडेबारा तासांहून थोडा मोठा असतो आणि हे वाण तेवढ्या दिवसाला फुलत नाही, नुसते वाढते. बाहेरच्या संकरित वाणाने याच काळात वीतभर उंचीवर फुले धरली असती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात राखीवपैकी ३५० दाणे पेरले. त्यांतली ६८ रोपे टिकली, २०० दाणे तसेच ठेवले.

सप्टेंबरच्या पेरणीचा एक फायदा असा की झाडे दीड मीटरच्या आत राहिली. बीजोत्पादनात मोठे झाड नको, पुष्कळ झाडे हवीत. ९७ झाडे दहा लिटरच्या पिशव्यांत, ६० सेंटीमीटर अंतरावर, ६ × ८ मीटरच्या जाळीघरात मावली.

नर ठेवायचे किती

फुलोऱ्याआधी भेसळ काढायची होती. दोन वृद्ध शेतकऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांच्या खुणा न दाखवता, रांगांतून फिरवले. न पटलेल्या झाडाची चिठ्ठीवर नोंद करायची, एवढेच काम. रुंद पान, आखूड पेर, बाकीच्यांपेक्षा दोन-तीन आठवडे लवकर येणारी फुले, या खुणांवर दोघांनीही धरलेली ११ झाडे काढली. एकाच्याच चिठ्ठीवर असलेली ठेवली. फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच मादीवर नरफुले आलेली आणखी तीन काढली. हंगामाच्या शेवटी तुरळक नरफुले येणे हा उष्ण कटिबंधातील वाणांचा स्वभावच आहे, त्यासाठी कोणाला काढले नाही.

उरली ८३ : ३९ नर, ४४ मादी. आता गांजा पिकवणाऱ्याची सवय आडवी आली. नर दिसला की उपटायचा, ही सवय फार जुनी आहे. गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या १८९३-९४ च्या ब्रिटिश हेंप ड्रग्ज कमिशनच्या काळात बंगालमधील नौगावला नरझाडे ओळखून काढणारे खास जाणकार बोलावले जात. मुंबई इलाख्यात अहमदनगरकडेही गांजाची शेती होती. बिनबियांच्या फुलांना भाव असतो, म्हणून हे रास्तच होते, पण बीजोत्पादनात तीच सवय घातक ठरते. गटातल्या एकाने ‘तीन उत्तम नर ठेवू’ असे सुचवले, तेव्हा आकडेमोड केली. तीन नर आणि ४४ मादी म्हणजे प्रभावी संख्या ११, आंतरप्रजनन पिढीला साडेचार टक्के. ३९ नर ठेवले तर संख्या ८३ च्या जवळ, आंतरप्रजनन ०.६ टक्के. एकही नर काढला नाही. कमी सुवासाचे, वाकडे, किडके, सगळे राहिले. ‘उत्तम’ निवडणे म्हणजे वाण बदलणे, आणि ते काम इथे कोणी मागितलेले नव्हते.

शेजाऱ्यांचा आक्षेप

३९ नरांची बातमी पसरताच बाराशे मीटरवरच्या परवानाधारकाने हरकत घेतली, आणि ती खरी होती : पराग त्यांच्या फुलांत शिरले असते तर सगळे पीक बियांनी भरून मातीमोल झाले असते. गटाचे उत्तर होते, ‘आमच्या घराला जाळी आहे’. ही समजूत सर्रास आढळते. कीटकरोधक जाळीचे छिद्र तीनशे मायक्रॉनच्या आसपास असते, गांजाचा परागकण पंचवीस-तीस मायक्रॉनचा. जाळीतून तो मोकळा जातो.

तडजोड अशी झाली. घराच्या चारही बाजू पॉलिथिनने बंद केल्या, हवा फक्त वरच्या बाजूने. शेजाऱ्यांची एक फेरी नोव्हेंबरच्या मध्यावर काढून व्हायची होती, दुसरी डिसेंबरात लागायची होती, परागणाचा काळ या तीन आठवड्यांच्या मोकळ्या जागेत बसवला. रोज सकाळी दहाच्या आत नरझाडे हलवली. मोठ्या, लवकर फुललेल्या नरांचेच पराग सगळीकडे जातात. म्हणून प्रत्येक नराचे पराग कागदी पिशवीत वेगळे झाडून, सारख्या मापाने एकत्र करून, उशिरा फुललेल्या मादीझाडांच्या खालच्या फांद्यांवर ब्रशने लावले. पराग कोरडा हवा, दमट हवेत तो काही दिवसांतच मरतो. तीन आठवड्यांनी सगळे नर ओले करून कापले, म्हणजे कापताना धूळ उडाली नाही.

बंद घरातली उष्णता दुपारी चाळीसच्या पुढे गेली आणि काही फांद्यांवर बी धरलेच नाही. वरच्या खिडक्या दुप्पट ठेवायला हव्या होत्या.

काढणी, वाळवण, साठवण

परागणानंतर पाच-सहा आठवड्यांनी दाणा तपकिरी होतो आणि वरचे आवरण फुटते. हिरवट दाणे काढू नयेत, ते साठवणीत टिकत नाहीत. प्रत्येक मादीझाडाचे बी वेगळे मळले, सुपाने पाखडले आणि वेगळ्या पाकिटात भरले. एकूण सुमारे ३१,००० दाणे मिळाले. मूळ संचासाठी प्रत्येक झाडाचे सारखेच २०० दाणे घेतले, म्हणजे ८,८००. सगळे एकत्र करून वजनाने घेतले असते तर चार-पाच भरघोस झाडांचीच संतती संचावर चढली असती. बाकीचे कामाचे बी म्हणून बाजूला ठेवले.

जमैकाच्या हवेत बी उन्हात कितीही ठेवले तरी ९-१० टक्क्यांखाली ओल जात नाही. हवाबंद डब्यात बियांच्या वजनाइतकेच सिलिका जेल घालून, आत छोटा आर्द्रतामापक ठेवून, काटा १५ टक्क्यांवर येईपर्यंत साधारण दोन आठवडे ठेवले. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवून पुन्हा वापरायचे. त्यानंतर अॅल्युमिनियम फॉइलच्या पाकिटात सील. साध्या प्लॅस्टिकमधून ओल शिरते. मग उणे १८ अंश. ओल एका टक्क्याने घटली की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, तापमान पाच अंशांनी उतरले तरी तेवढेच, हा जुना ढोबळ नियम पाच ते चौदा टक्के ओलीपर्यंत लागू पडतो. शीतकपाटातून काढलेले पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायचे नाही, नाहीतर दवाने दिवसभराचे काम वाया जाते.

संच तीन ठिकाणी गेला : गटाकडे, एका संशोधन प्रयोगशाळेत आणि उत्तर किनाऱ्यावरच्या दुसऱ्या परवानाधारकाकडे.

निष्पत्ती

ताज्या बियांची उगवण ९१ टक्के आली. २०२५ मध्ये कामाच्या बियांतून ६० झाडे लावून पाहिली, त्यांत चार झाडांवर पुन्हा रुंद पान दिसले. भेसळ पूर्ण गेलेली नव्हती. पहिल्या पिढीत झाकलेले गुण दुसऱ्या पिढीत वर येतात, हे अपेक्षित होते. खरेदीदाराने १४-१५ आठवड्यांच्या फुलोऱ्याला नकार दिला. गटाचे उत्पन्न आजही संकरित पिकावरच आहे आणि जुने वाण एका कोपऱ्यात, खर्चाच्या बाजूला लिहिले जाते.

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मेलिसा’ हे पाचव्या श्रेणीचे वादळ शेजारच्या वेस्टमोरलंडमध्ये किनाऱ्याला लागले. सेंट एलिझाबेथची अपरिमित हानी झाली. गटाची उभी झाडे आणि घर गेले, शीतकपाट आठवडेच्या आठवडे बंद राहिले. फॉइलची पाकिटे मात्र कोरडी निघाली. दोन पाकिटांच्या चाचणीत उगवण ८९ टक्के भरली. पाच-सहा टक्के ओलीच्या बियांना काही आठवड्यांची उष्णता फारशी बाधत नाही. मारते ती ओल. उरलेल्या दोन प्रती सुखरूप होत्या, तरी तिन्ही एकाच बेटावर आहेत ही गोष्ट आता टाळता येण्यासारखी राहिली नाही. बेटाबाहेर प्रत पाठवण्यासाठी लागणाऱ्या परवानग्यांचा अर्ज गटाने केला आहे.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी घडली. बाटली टेबलावर उपडी करून दाणे मोजले. तळाला जुने, वर नवे, असा जो काही क्रम होता तो त्या क्षणी मोडला. ताजे बी जास्त उगवते आणि ताजेच बी संकरित पिकांच्या काळातले, म्हणून जास्त भेसळीचे. मिसळलेल्या बाटलीतून उगवलेल्या झाडांत भेसळीचा वाटा त्यामुळे आपोआप वाढला. लांब दांड्याच्या चमच्याने थरांप्रमाणे काढून पाच वेगळ्या पाकिटांत ठेवले असते, तर तळाच्या थराची झाडे वेगळी पाहता आली असती.

मे महिन्यातली पेरणी ही निव्वळ सवय होती. मोठ्या झाडाची गरज नसताना वादळी हंगामाच्या तोंडावर रोपे उभी करण्याचे कारण नव्हते. ऑगस्टअखेरची पेरणी रोपवाटिकेत, उचलून आत नेता येईल अशा ट्रेमध्ये, पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती.

शेजाऱ्यांशी बोलणे परवान्याच्या अर्जाबरोबरच सुरू करायला हवे होते. त्यांची हरकत आली तेव्हा नरफुलांच्या कळ्या दिसू लागल्या होत्या आणि पॉलिथिन घाईने, हवेचा विचार न करता लावले गेले.

एक प्रश्न गटात अजून सुटलेला नाही. दुसऱ्या पिढीत दिसलेल्या चार रुंदपानी झाडांच्या मातृझाडांची पाकिटे मूळ संचातून काढायची का? पाकिटे वेगळी असल्यामुळे हे करता येते. काढली तर भेसळ घटेल, पण ४४ पैकी तीन-चार घराणी कमी होतील, आणि ती शंभर टक्के भेसळीची होती असेही नाही. सध्या त्या पाकिटांवर लाल खूण करून ती तशीच थंडीत ठेवली आहेत. राखून ठेवलेले २०० जुने दाणेही तिथेच आहेत.